पाच व्होल्टचा कारभार

२६ एप्रिल १९८५. इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये एकॉर्न नावाच्या कंपनीत एक नवीकोरी चिप येऊन पोचली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेला हा पहिला आर्म प्रोसेसर. बोर्डावर बसवला, थोडी खटपट झाली आणि गडी चालायला लागला. मग तो वीज किती खातो हे पाहावं म्हणून मंडळींनी अ‍ॅमीटर जोडला, तर आकडा शून्य. शोधाशोध केल्यावर बोर्डातली चूक सापडली. चिपला वीज पुरवणारी जोडणीच झालेली नव्हती. आजूबाजूच्या सर्किटांकडून येणाऱ्या सिग्नलांमधून जी थोडीफार वीज झिरपत होती, तेवढ्यावर हा पठ्ठ्या बिनतक्रार काम करत होता.

कमी विजेचं कसलंही व्रत एकॉर्नवाल्यांनी घेतलेलं नव्हतं. चिप सिरॅमिकच्या वेष्टनात घालायची तर खर्च फार. प्लॅस्टिकचं वेष्टन स्वस्त, पण ते साधारण एक वॅटच्या वरची उष्णता सोसत नाही. आखलेली चिप नेमकी किती वीज खाईल याचा आधी अंदाज घ्यायची धड साधनंही त्यांच्याकडे नव्हती. म्हणून जागोजागी हात आखडता घेत गेले. प्रत्यक्ष चिप आली तेव्हा एक वॅट राहिला बाजूला, त्याच्या दहाव्या हिश्शातच तिचं भागत होतं. चिक्कूपणातून क्रांती झाल्याची उदाहरणं इतिहासात फारशी नाहीत, पण हे त्यातलं एक नक्की.

या चिपचे वंशज आज जवळपास प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहेत. त्यातल्याच काहींनी एटीएम कार्डाएवढ्या बोर्डांवर संसार थाटले आहेत. एकाच पट्टीवर प्रोसेसर, मेमरी, यूएसबी, एचडीएमआय असं सगळं दाटीवाटीनं बसवलेला हा अख्खा संगणक. तो बाळगणाऱ्या माणसाशी पाच मिनिटं बोललं की संभाषणात ‘वॅट’ येणार म्हणजे येणारच. दोन खोल्यांत दोन एसी, न्हाणीघरात गीझर आणि ओट्यावर मायक्रोवेव्ह असलेला गृहस्थ मोठ्या अभिमानानं सांगतो, “नुसता चालू ठेवला ना, तर दोन-अडीच वॅटसुद्धा खात नाही हो!” घराचं वीजबिल या दोन-अडीच वॅटांनीच आटोक्यात ठेवलंय, असा त्याचा प्रामाणिक समज असतो.

पाहुणे कौतुकानं मान डोलवतात. मग त्यांच्यातला एखादा विचारतो, “यावर पिक्चर बघता येतो का?” आणि गृहस्थाचा चेहरा बदलतो.

या छोट्या संगणकांची सगळी गोम इथेच आहे. बेरजा-वजाबाक्या करणं स्वस्त झालं, चित्रं काढणं महागच राहिलं. शिवाय बेरजा करणारा भाग आपली सगळी कुंडली पुस्तकात छापून देतो. चित्रं काढणारा भाग, म्हणजे जीपीयू, स्वतःविषयी चकार शब्द बोलत नाही. त्याच्याशी बोलायचं तर मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो, आणि तो दुभाष्या कंपनीचा नोकर असतो.

वॅटांची बढाई आणि चित्रांचं ओझं यांची गल्लत कशी होते, याचा उत्तम नमुना इंटेलनं २००८ साली बाजारात आणला. अ‍ॅटम नावाच्या किरकोळ शरीरयष्टीच्या प्रोसेसराचा मोठा गाजावाजा झाला. अ‍ॅटम २३० साठी कंपनीनं सांगितलेली उष्णतेची मर्यादा होती अवघी ४ वॅट. तो ज्या डी९४५जीसीएलएफ या बोर्डावर बसवून विकला, त्यावर मेमरी आणि चित्रांचं खातं सांभाळायला ९४५जीसी हा जुना चिपसेट नेमला होता. त्याची मर्यादा २२.२ वॅट! परिणामी प्रोसेसराच्या डोक्यावर नुसता हीटसिंक आणि चिपसेटच्या डोक्यावर गरगरणारा पंखा, असा बोर्ड लोकांच्या हाती आला. पंख्याकडे बोट दाखवून “हा बघा प्रोसेसर” असं सांगणारे त्या काळी चिपसेटचीच ओळख करून देत होते. जाहिरात चार वॅटांची आणि बाकीचे बावीस घरातले म्हणून गृहीत धरलेले.

ही चूक लक्षात आली म्हणावं, तर त्याच वर्षी दुसरी झाली. हलक्याफुलक्या यंत्रांसाठी इंटेलनं पाउल्सबो नावाचा काटकसरी चिपसेट काढला. त्यातला चित्रांचा भाग इंटेलचा नव्हताच; इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या ब्रिटिश कंपनीकडून घेतलेला पॉवरव्हीआर होता. नाव मात्र घरच्या पोरांसारखंच ठेवलं, ‘जीएमए ५००’. लिनक्स वापरणाऱ्यांचा तोवर असा अनुभव होता की इंटेलची चित्रं बिनबोभाट चालतात, कारण त्यांचे ड्रायव्हर खुले असतात. त्या भरवशावर अनेकांनी डोळे मिटून खरेदी केली, आणि डोळे उघडल्यावर समोर काळा पडदा होता. बंद ड्रायव्हर लिनक्सच्या ठरावीक आवृत्त्यांवरच चालायचा. आवृत्ती बदलली की रुसायचा. शेवटी अ‍ॅलन कॉक्स या नामांकित लिनक्सकारानं स्वतः ड्रायव्हर लिहायला घेतला आणि २०११ साली तो लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, शिरला. त्यानं पडद्यावर चित्र येऊ लागलं. थ्रीडीचं विचारू नये, असा एकूण समजूतदारपणा दोन्ही बाजूंनी दाखवण्यात आला.

यानंतर आला तो रास्पबेरी पाय नावाचा बोर्ड. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी, म्हणजे वाढदिवसाचा खर्च चार वर्षांतून एकदाच येईल अशा बेतानं, तो विक्रीला निघाला. किंमत ३५ डॉलर. मुलांना स्वस्तात प्रोग्रॅमिंग शिकता यावं हा उदात्त हेतू. मुलं शाळेत जायला निघेपर्यंत त्यांच्या बापांनी दोन्ही विक्रेत्यांच्या वेबसाइटी पाडल्या होत्या.

या पायच्या पोटात ब्रॉडकॉमची बीसीएम२८३५ नावाची चिप होती. ती शिक्षणासाठी जन्मलेली नव्हती. टीव्हीला जोडायच्या करमणुकीच्या डब्यांसाठी होती, आणि रोकू २ या अमेरिकी डब्यात ती नोकरीलाही लागली होती. तिच्यातला व्हिडिओकोअर हा जीपीयू मूळचा केंब्रिजच्याच अल्फामोझाइक कंपनीचा. ब्रॉडकॉमनं २००४ साली ती कंपनी विकत घेतली. २००५ च्या, व्हिडिओ दाखवणाऱ्या आयपॉडमध्ये याच घराण्यातली चिप होती. थोडक्यात, चिप चित्रवाल्यांची. ७०० मेगाहर्ट्झचा आर्म प्रोसेसर तिच्यात बारीकसारीक कामांना हाताशी असावा म्हणून ठेवलेला.

दोघांच्या ताकदीतला फरक तर बघण्यासारखा होता. आर्मची तुलना व्हायची नव्वदच्या दशकाअखेरच्या ३०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम २ शी. जीपीयूची व्हायची २००१ सालच्या एक्सबॉक्सशी. आकडेमोडीच्या मापात एकाचे ०.०४१ गिगाफ्लॉप्स, दुसऱ्याचे २४. म्हणजे जवळजवळ सहाशे पट. एकाच चिपवर शेजारी शेजारी राहणाऱ्यांमध्ये एवढी विषमता इतरत्र क्वचितच आढळेल.

खरी गंमत पुढेच आहे. पायला वीज दिली की आर्म जागाच होत नाही. आधी जागा होतो जीपीयू. तो एसडी कार्डावरून ‘बूटकोड डॉट बिन’ वाचतो, मेमरी चालू करतो, मग ‘स्टार्ट डॉट एल्फ’ वाचतो, मेमरीतला आपला हिस्सा काढून घेतो, पडद्यावर एक इंद्रधनुषी चौकोन झळकवतो, लिनक्सचं कर्नल उचलून जागेवर नेऊन ठेवतो आणि एवढं सगळं झाल्यावर आर्मला हाक मारतो: उठा, सगळं तयार आहे, आता राज्य करा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगायला नको. ग्रामपंचायतीच्या फलकावर सरपंच म्हणून एकाचं नाव असतं. शिक्का, चाव्या आणि बीडीओ साहेबांचा मोबाइल नंबर मात्र ‘सरपंचपती’ या, राज्यघटनेत न सापडणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या खिशात असतो. पायच्या खोक्यावर, माहितीपत्रकावर, शाळेतल्या तक्त्यावर नाव आर्मचं. सही कुठे करायची ते सांगणार व्हिडिओकोअर.

आणि हे सरपंचपती बोलायलाही तयार नव्हते. त्यांच्या कारभाराचा मजकूर बंद फर्मवेअरमध्ये. मुलांनी संगणक आतून बाहेरून समजून घ्यावा म्हणून काढलेला हा बोर्ड. पण तो सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत आत काय चालतं, हे मुलांनीच काय, त्यांच्या मास्तरांनीही विचारायचं नव्हतं. मेमरीची वाटणीसुद्धा त्यांच्याच दप्तरी. पहिल्या पायमध्ये एकूण मेमरी २५६ एमबी, ती दोघांत मिळून. आर्मला १२८, १९२ की २२४ द्यायचे, यासाठी ‘स्टार्ट डॉट एल्फ’च्या तीन निरनिराळ्या फाइली असत. हवी ती फाइल कार्डावर ठेवायची आणि वाटणीपत्र मंजूर झालं असं समजायचं.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये तर परवान्यांची खिडकीही उघडली. एमपीईजी-२ प्रकारचे व्हिडिओ, म्हणजे डीव्हीडीवर असतात ते, उलगडण्याची सोय चिपमध्ये आधीपासूनच होती. पण त्या तंत्राच्या परवान्याचे पैसे भरायचे तर बोर्ड स्वस्त राहत नाही, म्हणून सोय असूनही कुलूपबंद. ज्याला हवी त्यानं २ पौंड ४० पेन्स भरून किल्ली विकत घ्यायची. व्हीसी-१ प्रकारासाठी १ पौंड २० पेन्स वेगळे. किल्ली बोर्डाच्या अनुक्रमांकाला बांधलेली, म्हणजे शेजाऱ्याकडून उसनी आणून भागायचं नाही. आपल्याच बोर्डावर, आपल्याच विजेवर, आपल्याच डीव्हीडीतली लग्नाची कॅसेट बघायला हा कर भरावा लागे. ज्यांच्या लग्नाची होती त्यांना तो जास्त वाटला की कमी, याची नोंद नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एक आनंदाची घोषणा झाली: व्हिडिओकोअरचा आर्मच्या बाजूचा सगळा ड्रायव्हर खुला करण्यात येत आहे! टाळ्या पडल्या. मग लिनक्सच्या ग्राफिक्सवाल्यांनी ती फाइल उघडून वाचली. कारभार होता तिथेच, बंद फर्मवेअरमध्ये, होता. खुला झालेला कोड मुख्यतः इकडच्या चिठ्ठ्या तिकडे नेऊन देण्याचं काम करत होता. पंचायतीचा सगळा हिशेब जाहीर करतो म्हणून गावकऱ्यांना बोलवावं आणि शिपायाची आवकजावक वही पुढे ठेवावी, त्यातली गत. टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात अर्ध्यात थांबले.

पुढची घोषणा पायच्या दुसऱ्या वाढदिवशी झाली. २०१४ साली २९ फेब्रुवारी नव्हतीच, म्हणून २८ ला. या वेळी ब्रॉडकॉमनं खरोखरच व्हिडिओकोअर ४ च्या थ्रीडी भागाची कागदपत्रं प्रसिद्ध केली. सोबत एक खुला ड्रायव्हरही दिला, फक्त तो पायच्या चिपचा नव्हता. मोबाइल फोनसाठीच्या बीसीएम२१५५३ या भाऊबंदाचा होता. मग पाय काढणाऱ्या रास्पबेरी पाय फाउंडेशननं पैज लावली: या ड्रायव्हराला पायवर आणून त्यावर क्वेक ३ हा खेळ खेळण्याजोग्या वेगानं चालवून दाखवणाऱ्या पहिल्या माणसाला १०,००० डॉलर. महिनाभरात सायमन हॉल नावाच्या प्रोग्रॅमरनं ते करून दाखवलं आणि बक्षीस नेलं. ब्रॉडकॉमनंही मनावर घेतलं. इंटेलमध्ये ग्राफिक्सवर काम केलेल्या एरिक अ‍ॅनहोल्टला त्याच वर्षी नोकरीवर घेऊन खुला ड्रायव्हर पहिल्यापासून लिहायला बसवलं.

क्वेक ३ हे या क्षेत्रातलं फार मोठं प्रस्थ आहे. १९९९ साली आलेला हा गोळीबाराचा खेळ. त्याचा कोड २००५ साली खुला झाला आणि तेव्हापासून नवा जीपीयू, नवा ड्रायव्हर आला की त्यावर हाच खेळ चालवून बघायची प्रथा पडली. डोक्याला झिणझिण्या आणणारं गणित जाणणारे अभियंते दिवसाढवळ्या कचेरीत एकमेकांवर रॉकेट डागत बसतात आणि साहेब आले तर “ड्रायव्हरची चाचणी चालू आहे” म्हणून सांगतात. विशेष म्हणजे ते खरं असतं.

पण ही सगळी माहिती कंपनीनं दिली तर. न देणाऱ्या कंपन्यांचं काय?

आर्म कंपनीच्याच माली घराण्यातल्या जीपीयूंची अशी परिस्थिती होती. स्वस्त चिनी चिपांमध्ये माली-४०० सगळीकडे. पण कागदपत्रं बंद, ड्रायव्हर बंद. लुक व्हेर्हेगन या प्रोग्रॅमरनं २०१२ साली ब्रसेल्सच्या फॉसडेम परिषदेत लिमा नावाचा खटाटोप जाहीर केला: कंपनी सांगत नसेल तर आपण बघून बघून शिकू. ही पद्धत ऐकायला सोपी आहे. कंपनीच्या बंद ड्रायव्हराला सांगायचं, एक त्रिकोण काढ. तो जीपीयूला काय काय हुकूम देतो ते मधल्या मध्ये टिपून ठेवायचं. मग सांगायचं, आता तोच त्रिकोण लाल काढ. पुन्हा टिपायचं. दोन्ही टिपणं शेजारी ठेवून कुठले आकडे बदलले ते शोधायचं. ते बहुधा लाल रंगाचे. मग त्रिकोण जरा डावीकडे. मग दोन त्रिकोण. असं करत करत, एका शब्दाचीही मदत न घेता, सबंध यंत्राची भाषा शिकायची. ज्या वयात इतर लोक संसाराला लागतात, त्या वयात ही माणसं सहा-सहा महिने एकाच त्रिकोणाकडे बघत बसलेली असतात.

पुढच्या वर्षीच्या फॉसडेममध्ये लिमावर क्वेक ३ चाललं, आणि चाचणीत ते कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरापेक्षा किंचित वेगानं चाललं. बाहेरून ऐकून शिकलेल्यानं घरच्यापेक्षा बरं बोलून दाखवलं. तरीही लिमा लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये पोचायला जुलै २०१९ उजाडला. कर्नलच्या त्याच, म्हणजे ५.२ आवृत्तीत पुढच्या माली चिपांसाठीचा पॅनफ्रॉस्ट हा ड्रायव्हरही आला. त्याच्यामागची मुख्य खटपट अलिसा रोझेन्झ्वाइग हिची. काम सुरू केलं तेव्हा ती अजून शाळेत शिकत होती. मोठ्या कंपनीनं कुलूप लावावं आणि शाळकरी मुलीनं ते खेळता खेळता उघडावं, हे काही वर्षं चाललं. नंतर आर्मनंही पॅनफ्रॉस्टला मदत करायला सुरुवात केली. कुलूप उघडलेलंच आहे तर दार तरी धरावं, असा काहीसा विचार असावा.

त्रिकोण जमला की पुढची पायरी चहाच्या किटलीची. १९७५ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी स्वतःच्या घरच्या किटलीचं मोजमाप संगणकात उतरवलं, आणि तेव्हापासून संगणकीय चित्रकलेत जिथे तिथे तीच किटली फिरते. पायबरोबरच्या नमुना प्रोग्रॅमांतही ती होती. पडद्यावर गरगर फिरायची आणि तिच्या अंगावर सिनेमा चालायचा. हौशी मंडळी तो चमत्कार घरातल्यांना बोलावून दाखवत. घरातले दोन मिनिटं बघत, आणि मग कुणीतरी व्यवहारी माणूस खऱ्या चहाचं काय झालं ते विचारी.

ड्रायव्हर नसलेल्या बोर्डवाल्याच्या नशिबी किटलीही धड नसे. चित्रं येतात पण खिडकी सरकवली की धापा टाकत सरकते, असं झालं की जाणकार एक आज्ञा द्यायला सांगतात. उत्तरात ‘एलएलव्हीएमपाइप’ असं नाव आलं की समजायचं, जीपीयू आरामात झोपला आहे आणि चित्रं रंगवायचं कामसुद्धा बिचारा प्रोसेसरच करतोय. या अवस्थेत दोन वॅटांची बढाई मारणाऱ्याचा बोर्ड इतका तापतो की बढाई मारणारा तो हातात धरून दाखवत नाही.

पायचं नाव गाजलं तसा फळबाजार भरला. बनाना पाय आला, ऑरेंज पाय आला, लिची पाय आला. मँगो पायसुद्धा आला. तो देवगडचा नाही, रत्नागिरीचाही नाही, चीनचा आहे, तेव्हा पेटीचा भाव विचारू नये. या फळांपैकी बऱ्याच जणांत ऑलविनर कंपनीच्या चिपा असत. आकडे पायपेक्षा सरस, किंमत कमी, आणि सोबतचं लिनक्स ३.४ आवृत्तीचं. ही आवृत्ती मूळची २०१२ ची. जगाच्या लिनक्सनं पुढे कितीही मजल मारली तरी बंद ड्रायव्हराची गाठ त्या जुन्या कर्नलशी बांधलेली, त्यामुळे बोर्ड नवा आणि कर्नल म्हातारं, असा विजोड जोडा वर्षानुवर्षं नांदत राहिला. २०१६ साली त्याच जुन्या कर्नलमध्ये एक शोध लागला. विशिष्ट फाइलमध्ये ‘रूटमायडिव्हाइस’ एवढा शब्द लिहिला की कुठलाही सोम्यागोम्या यंत्राचा सर्वाधिकारी होत असे. पासवर्ड नाही, चौकशी नाही. काम करताना कुणीतरी सोयीसाठी ठेवलेली फट बुजवायची राहून गेली होती. आपल्या बोर्डाची चित्रं उघडत नाहीत म्हणून रडणाऱ्यांना कळलं की बाकी सगळं मात्र सताड उघडं आहे.

विजेची तऱ्हा तर निराळीच. बोर्ड पाच व्होल्टवर चालतो, मोबाइलचा चार्जरही पाच व्होल्टचाच असतो, मग नवा अडॅप्टर कशाला, हा मराठी मध्यमवर्गाचा बिनतोड युक्तिवाद. कपाटातल्या वायरींच्या गुंडाळ्यातून एक चार्जर निघतो, त्याला फुकट मिळालेली बारीक केबल लागते, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. बोर्डाला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या आसपास खाली घसरला की पाय हा इशारा देतो. केबल जितकी बारीक आणि लांब, तितका दाब वाटेत गळतो. जीपीयूनं जोर लावून व्हिडिओ दाखवायला घेतला की हमखास तेव्हाच गळतो. गृहस्थ आधी एसडी कार्ड बदलतात, मग लिनक्स बदलतात, मग कंपनीला नावं ठेवतात. सगळ्यात शेवटी पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन चांगला अडॅप्टर आणतात, आणि वीज चमकायची थांबते.

२०१५ च्या फेब्रुवारीत पाय २ आला तेव्हा वेगळाच प्रकार घडला. नवा बोर्ड आला म्हणून लोकांनी हौसेनं त्याचे फोटो काढले, आणि फोटो काढताक्षणी बोर्ड बंद पडला. सगळ्यांचा नाही, झेनॉन फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यानं काढणाऱ्यांचाच. विजेचा पुरवठा सांभाळणारी यू१६ ही चिमुकली चिप जवळजवळ उघड्या सिलिकॉनचीच होती, आणि प्रखर प्रकाशाचा लोट आत शिरला की तिचा तोल जात असे. आइन्स्टाइनला ज्या प्रकाशविद्युत परिणामाच्या स्पष्टीकरणासाठी नोबेल मिळालं, त्याचं प्रात्यक्षिक ३५ डॉलरांत घरबसल्या मिळू लागलं. उपाय सोपा होता: त्या चिपवर भिंतीला कागद चिकटवायची लांबी थापून टाकायची. मुलांना शिकवायचा मूळ हेतू इतक्या सरळ मार्गानं क्वचितच सफल झाला असेल.

पाय ४ मध्ये चित्रांनी आणखी एक खोडी काढली. २०१९ अखेरीस काहींच्या लक्षात आलं की पडदा २५६०×१४४० या मापावर ठेवला की वायफाय गायब होतं. माप कमी केलं की परत येतं. एचडीएमआयच्या त्या मापाच्या सिग्नलमधून निघणारा रेडिओ गोंगाट वायफायच्या एका पट्ट्यावर नेमका येऊन बसत होता. चित्र बघा नाहीतर इंटरनेट वापरा, दोन्ही लाड एकदम होणार नाहीत, असं बोर्डानं आईबापांच्या वतीनं परस्पर ठरवून टाकलं.

उष्णतेचं पाय बनवणाऱ्या केंब्रिजकरांना फार वाटलं नसावं. ८० अंशांच्या पुढे गेला की पाय ४ आपण होऊन वेग कमी करायला लागतो. केंब्रिजमध्ये खोलीचं तापमान आणि हे ८० यांत भरपूर अंतर आहे. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा बोर्डानं काही करायच्या आधीच अर्ध्याहून जास्त वाट कापलेली असते. तिथे कमी विजेच्या बोर्डावर पंखा, पंख्याच्या बाजूला कूलर आणि कूलरला पंप अशी उतरंड लागते. वॅटांचा हिशेब मात्र बोर्डापाशीच थांबवायचा असतो.

२०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या पाय ५ नं मांडणीच फिरवली. त्याचा प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झचा, चार कोअरचा. अडॅप्टर ५ व्होल्ट ५ अ‍ॅम्पियरचा, म्हणजे २५ वॅटांचा. ३ अ‍ॅम्पियरचा लावला तर चालतो, पण यूएसबीच्या पोरांना हात राखूनच वाढतो. पंख्याची शिफारस कंपनीच करते. जीपीयू व्हिडिओकोअर ७, त्याचा ड्रायव्हर खुला, व्हल्कनसारखं नवं तंत्रही येतं. आणि ज्या एच.२६४ प्रकारात आजही जगातले असंख्य व्हिडिओ आहेत, ते उलगडणारं खास हार्डवेअर काढून टाकलेलं! ते काम आता प्रोसेसरानं करायचं. हार्डवेअर राहिलं ते नव्या एचईव्हीसी प्रकारापुरतं. २०१२ साली चित्रांच्या चिपमध्ये कोपऱ्यात उभा असलेला आर्म आता इतका धट्टाकट्टा झाला आहे की सरपंचपतींच्या ताटातलं काम उचलून त्याच्यापुढे ठेवण्यात आलं.

इतरत्रही दारं उघडत आहेत. नव्या मालींसाठीचा पँथॉर हा ड्रायव्हर २०२४ च्या जुलैत ६.१० या कर्नलमध्ये आला. पाउल्सबोमुळे बदनाम झालेल्या पॉवरव्हीआर घराण्याचा खुला ड्रायव्हर त्याच वर्षी ६.८ मध्ये आला, तोही खुद्द इमॅजिनेशनच्या लोकांनी लिहून. त्रिकोणांकडे बघत बसलेल्यांच्या डोळ्यांना थोडा आराम मिळाला.

आता इतक्या झगड्यानंतर मिळालेल्या या चित्रशक्तीचं लोक करतात काय, हे पाहायला अशा बोर्डाच्या घरी जावं. बोर्ड राउटरच्या मागे, धुळीत, उलटा टांगलेला असतो. तो जाहिराती अडवतो, गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजतो किंवा फोटोंच्या हार्डडिस्कची राखण करतो. त्याला पडदा जोडलेलाच नसतो. ‘हेडलेस ठेवलाय’, असं गृहस्थ सांगतात. जुना पाय असेल तर त्यांनी सेटिंगमध्ये ‘जीपीयूमेम’ १६ वर आणून ठेवलेलं असतं, म्हणजे जीपीयूला कमीत कमी देता येईल तेवढीच मेमरी. १६ दिले की व्हिडिओ आणि थ्रीडी वगळलेलं कापलेलं फर्मवेअर आपोआप चढतं: क्वेक नाही, किटली नाही, सिनेमा नाही. त्याहून खाली मात्र जाता येत नाही. कारण सगळं काढून घेतलं तरी सकाळी बोर्ड सुरू करताना पहिल्यांदा उठून आर्मला हाक मारायची ती त्यालाच, आणि तेवढ्या कामाचे १६ एमबी तो मागून घेतोच.